टर्बोची शिट्टी

अंकुशनगरच्या साखर कारखान्यात मी नोकरीला लागलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बॉयलरवर आणि वाफेच्या पाइपांवर गोल तबकडीची प्रेशर मीटरं असतात. त्यांचा काटा बरोबर दाब दाखवतो की नाही हे तपासायचं, बिघडलेलं मीटर उतरवायचं, दुरुस्त करून परत चढवायचं, हे माझं काम. निवृत्त होईपर्यंत मी तेच केलं. त्यामुळे माझा काट्यावर फार विश्वास. माणसांपेक्षा जास्त म्हटलं तरी चालेल.

उस्तादांचा विश्वास कानावर होता.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज होतं. वयानं ते माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठे. गॅरेजच्या मागंच त्यांचं घर. एकट्यानं काम करायचे, मदतीला कुणाला ठेवायचे नाहीत. म्हणायचे, दुसरा माणूस असला की तो बोलतो, आणि तो बोलला की इंजिन ऐकू येत नाही.

आमची ओळख झाली कारखान्याच्या एका जीपमुळं. अंबडहून येताना ती मधेच गचके द्यायला लागली आणि ड्रायव्हरनं वडीगोद्रीला त्यांच्या दारात उभी केली. माझ्याकडं पिशवीत दाब तपासायचं मीटर होतं. मी नवीन होतो, हुशारी दाखवायची हौस होती. मी म्हटलं, डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलचा दाब बघतो, लगेच कळेल.  उस्तादांनी लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. तीन-चार ठिकाणी टेकवून झाल्यावर म्हणाले, "तिसऱ्या नंबरचा नोझल."

मी हट्टानं चारही नोझल तपासले. अर्धा तास गेला. निघाला तिसऱ्याच नंबरचा नोझल.

"ज्याला कान न्हाईत त्यानं मीटर ठिवावं," ते हसून म्हणाले आणि चहा मागवला. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'मीटरवाला' ठेवलं. मी त्यांना उस्ताद म्हणायला लागलो. पुढची वीस वर्षं आमच्यात एकच भांडण चाललं, कान खरा की काटा खरा. सुट्टीच्या दिवशी मी सायकलवरून, नंतर लुनावरून वडीगोद्रीला जायचो. ते काम करायचे, मी बाजूच्या टायरवर बसून वाद घालायचो. भाभी, म्हणजे त्यांची बायको, आतून चहा पाठवायच्या आणि ओरडायच्या, "अजून संपलं न्हाई का तुमचं?"

ते कधी संपू नये असंच आम्हा दोघांना वाटायचं.

नव्वदच्या शेवटी-शेवटी आमच्या भागात टर्बोच्या गाड्या यायला लागल्या. आधी ट्रक आले, मग जीपगाड्या. टर्बो म्हणजे इंजिनाच्या जळक्या धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून गाडीला ताकद येते. फिरताना तो शिट्टी वाजवतो. बारीक, उंच, लांबून येणाऱ्या किटलीच्या वाफेसारखी. बरी असली तर ती शिट्टी एकसारखी चढत जाते. पंख्यात काही बिघडलं, नळी कुठं फाटली, तर ती फाटते, किंचाळते. टर्बोचं सगळं दुखणं त्या शिट्टीत असतं.

शतक बदललं त्याच्या पुढच्या वर्षी मी औरंगाबादहून एक जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली. आमच्या घरातली पहिली चारचाकी. बायकोनं तिला हळदीकुंकू लावलं आणि मी दुसऱ्याच दिवशी ती वडीगोद्रीला नेली. गाडी जड चालत होती. चढाला दम टाकायची, मागून काळा धूर सोडायची.

उस्तादांनी बॉनेट उघडलं. स्क्रू-ड्रायव्हर काढला. हल्ली ते मूठ कानाच्या भोकाशी न धरता कानामागच्या हाडावर दाबून धरायचे, आणि बराच वेळ धरायचे. मी ते पाहिलं होतं. वयानुसार माणूस सावध होतो, एवढंच मला वाटलं होतं.

या वेळी त्यांनी तो इंजिनाला टेकवला, थोडा वेळ थांबले आणि परत ठेवून दिला. चिंध्यांनी हात पुसत म्हणाले, "मीटर लाव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"काय म्हणालात?"

"मीटर लाव म्हनलो. दोन लाव. हवेच्या दाबाचं एक, धुराच्या गरमीचं एक. आन् तबकडी मोठी पायजे. मला बाजूला बसून बराबर दिसली पायजे."

वीस वर्षांचं भांडण त्यांनी एका वाक्यात सोडून दिलं होतं. मी खुशीनं वेडा झालो. "म्हणजे हरलात ना उस्ताद?" मी म्हटलं. "बोला, हरलात का न्हाई?"

"हारलो," ते म्हणाले. "आता जल्दी लाव."

त्यांच्या तोंडाकडं मी तेव्हा नीट बघितलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण मी जिंकलो होतो, आणि जिंकलेला माणूस समोरच्याच्या तोंडाकडं बघत नाही.

दोन्ही मीटरं मी औरंगाबादच्या एका दुकानातून स्वतः निवडून आणली. डॅशबोर्डवर, दोन सीटांच्या मधोमध, उस्तादांनी पत्र्याची पट्टी वाकवून त्यांना जागा केली. दाबाचं मीटर टर्बोच्या पुढच्या नळीला जोडलं तर काटा इतका थरथरायला लागला की आकडाच वाचता येईना. त्याला माझ्याकडं इलाज होता. कारखान्यात पंपांवर आम्ही तोच करायचो. पितळेच्या चकतीला सुईएवढं भोक पाडून ती मीटरच्या तोंडाशी बसवली. काटा शांत झाला. उस्तादांनी ती चकती परत काढायला लावली, उन्हाकडं धरून भोकातून बघितलं आणि म्हणाले, "अरे वा. एवढ्याशानं?" त्यांनी माझ्या कामाला वा म्हटलेलं ते पहिलंच. घरी जाऊन मी बायकोला दोनदा सांगितलं.

गरमीच्या मीटरची तार त्यांनी धुराच्या पाइपाला भोक पाडून बसवली. टर्बोनं जास्त हवा कोंबली, डिझेल वाढलं आणि धूर फार तापला तर पिस्टन वितळतो. म्हणून साडेसहाशे डिग्रीला मी तबकडीच्या काचेवर लाल रंगाची रेघ मारली.

राहिलं हवेवर ताबा ठेवायचं काम. टर्बोला एक झडप असते. दाब ठरावीक झाला की ती उघडते आणि धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो. आमच्या गाडीची झडप फार लवकर उघडत होती. तिचा स्प्रिंग म्हातारा झाला होता. दाब अर्ध्या किलोच्या, म्हणजे तबकडीवरच्या पन्नासाच्या, पुढं जातच नव्हता. नवीन स्प्रिंग मिळेना. उस्तादांनी लेथवर पितळेचा एक छोटा स्क्रू-व्हॉल्व बनवला आणि झडपेला दाबाची खबर देणाऱ्या बारीक नळीत बसवला. स्क्रू थोडा उघडला की थोडी हवा वाटेतच सुटते. झडपेला वाटतं दाब कमीच आहे, आणि ती मिटून राहते. अशा रीतीनं पाव-पाव आटा फिरवत आम्हाला दाब अर्ध्या किलोवरून वर न्यायचा होता, गरमी लाल रेघेच्या आत ठेवून.

त्याला सव्वा महिना लागला. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला सव्वा महिना.

मी सकाळची ड्यूटी करून दुपारी वडीगोद्रीला जायचो. उस्ताद हात धुऊन तयार असायचे. मी गाडी चालवायचो, ते शेजारी बसायचे, डोळे कधी काट्यांवर, कधी माझ्या तोंडावर. वडीगोद्रीहून शहागडच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत ते मला विचारत राहायचे.

"बोल, आवाज कसाय?"

"शिट्टी चढून राह्यली."

"बारीक का जाड?"

"बारीक. सरळ चढती."

"हां. काटा साठवर हाय. पाय दाब अजून."

एकदा शहागडच्या अलीकडं मी म्हटलं, "उस्ताद, शिट्टी आज फाटल्यागत येऊन राह्यली. मधेच फुस्स करती."

"फुस्स? कधी? गियर टाकल्यावर का दाबल्यावर?"

"दाबल्यावर."

"थांबव."

त्यांनी बॉनेट उघडलं, हात पाण्यानं ओला केला आणि नळीच्या कडेकडेनं फिरवला. एका जागी थांबले. "हितं हवा लागून राह्यली हाताला. क्लिप ढिली हाय." क्लिप आवळली, शिट्टी सरळ झाली. मला वाटलं, बघा, उस्ताद आता मला कान द्यायला शिकवतायत. वीस वर्षं काट्याची बाजू घेणाऱ्याला ते आपली विद्या देऊन राह्यलेत, स्वतः मुद्दाम गप्प बसून माझ्याकडून वदवून घेतायत. मी शाळेतल्या पोरासारखा मन लावून ऐकायचो आणि जितकं नेमकं सांगता येईल तितकं सांगायचो. किटलीसारखी, बासरीसारखी, सुतळी ओढल्यासारखी. ते मान डोलवायचे. कधी-कधी माझ्याकडं इतक्या मायेनं बघायचे की मला अवघडल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी पुलाजवळ गाडी थांबवून आम्ही लिंबाखाली बसलो होतो. ते एकदम म्हणाले, "मीटरवाले, तू लई चांगला मानूस हाईस."

"का हो? काय झालं?"

"काय न्हाई. असंच."

ते का म्हणाले, हे मला तेव्हा कळलं नाही.

दसऱ्याच्या आधी काम संपलं. दाब पाऊण किलोच्या पुढं, नव्वदपर्यंत, आणि गरमी सहाशेच्या आत. काळा धूर गेला. घनसावंगीला बायकोच्या माहेरी आम्ही सगळे त्या गाडीतून गेलो. तिथं सासऱ्यांना चक्कर मारायला नेलं तर गाडी अशी पळाली की ते मागच्या सीटवरून म्हणाले, हळू घ्या जावईबापू.

मग मी ते केलं.

गॅरेजसमोर रस्त्याच्या पलीकडं चहाचं हॉटेल होतं. कारखान्याचा हंगाम तोंडावर आलेला, उसाच्या ट्रकांचे ड्रायव्हर आणि मालक तिथं बसलेले. माझी गाडी दारात उभी होती आणि एकानं काचेतून आत डोकावून विचारलं, "ही दोन घड्याळं कशाची वो?"

मी सांगायला लागलो. दाब काय, गरमी काय, पितळी स्क्रू काय. आठ-दहा जण ऐकत होते. मला चेव आला. कुणीतरी म्हणालं, "पन उस्ताद तर कानानं काम करते ना? त्यांना कशाला लागतंय मीटर?"

मी म्हटलं, "अरे, उस्तादांचे कान आता रिटायर झाले. आता ते माझ्या मीटरवर चालून राह्यले."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या मनात एवढंच होतं की वीस वर्षांचा वाद मी जिंकलो. मागं वळलो तर उस्ताद हॉटेलच्या पायरीवर उभे. सगळे का हसतायत ते त्यांना कळलं नव्हतं. ते एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. एका ड्रायव्हरनं मोठ्यानं, आपल्या कानावर बोट आपटत सांगितलं, "उस्ताद, हे साहेब म्हन्तेत, तुमचे कान रिटायर झाले!"

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी लगेच विचारलं असतं, काय झालं म्हणून. त्यांनी फक्त बघितलं, जसं आपण ओळखीचा माणूस आहे का दुसराच कुणी, हे लांबून बघतो. मग थोडं हसले, मान हलवली आणि चहा न घेता रस्ता ओलांडून गॅरेजमध्ये गेले.

हरल्याचा रुसवा, मी मनात म्हटलं. जाईल चार दिवसांत.

दोन दिवसांनी कारखान्याची चाकं फिरायला लागली. हंगाम सुरू झाला की आम्हाला श्वास घ्यायला उसंत नसायची. दोन-दोन पाळ्या सलग व्हायच्या. मी पंधरा-वीस दिवस वडीगोद्रीला गेलो नाही. मागं काय घडत होतं ते मला नंतर हॉटेलवाल्यानं सांगितलं. माझं वाक्य ड्रायव्हरांच्या तोंडी लागलं होतं. गॅरेजवर आला की प्रत्येक जण ओरडून बोलायचा, "उस्ताद, ऐकू येऊन राह्यलं का?" मस्करीच होती सगळी. मग एक दिवस एकानं त्यांच्या मागं उभं राहून हलक्या आवाजात हाक मारली. उस्ताद वळले नाहीत. त्यानं परत मारली. उस्ताद पाना फिरवत राहिले. त्यानं खिशातली शिट्टी काढून वाजवली, ट्रक मागं घेताना क्लीनर वाजवतात तसली. उस्ताद पाना फिरवतच राहिले.

तेव्हा कुणी हसलं नाही म्हणे. पण संध्याकाळपर्यंत वडीगोद्रीपासून अंबडपर्यंत सगळ्यांना कळलं की उस्ताद खरोखरच बहिरे आहेत. टर्बोच्या गाड्या घेऊन येणारे यायचे बंद झाले. आवाज ऐकू न येणाऱ्याच्या हातात इंजिन कोण देणार?

मी गेलो तेव्हा गॅरेजचं शटर खाली होतं. दुपारची वेळ. मागं घरी गेलो. भाभी एकट्याच होत्या. भांडी पोत्यात भरत होत्या.

"भाभी, हे काय? उस्ताद कुठंयत?"

"जालन्याला गेलेत, लेकीकडं. आम्ही आता तिकडंच राहनार." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. "बसा ना भैया, चाय ठेवते," असं त्या नेहमी म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

"अहो पण का? एवढं काय झालं?"

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "भैया, तुम्हीच सांगा आता. तुम्हाला तर मालूम होतं ना सगळं?"

"काय मालूम होतं?"

"त्यांच्या कानाचं."

 मी उंबऱ्यावरच बसलो.

भाभींनी सांगितलं ते असं. चार-पाच वर्षांपासून त्यांना बारीक आवाज ऐकू येत नव्हते. जन्मभर उघड्या सायलेन्सरच्या इंजिनांना कान लावले होते. आधी चिमणीचा आवाज गेला, मग फोनची घंटी, मग भाभींची हाक. इंजिनाचा जाड आवाज यायचा, त्यावर ते धकवून नेत होते. माणसांचं बोलणं ओठ बघून ओळखायचे. पण टर्बोची शिट्टी बारीक. ती त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. टर्बोची गाडी दारात आली की त्यांना घाम फुटायचा. घरात भाभींशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीलासुद्धा नाही.

"मंग तुमची गाडी आली," भाभी म्हणाल्या. "त्या महिन्यात खुश होते लई. रोज घरी येऊन बोलायचे, मीटरवाल्याला समजलंय. मी विचारतो आवाज कसाय, तो बराबर सांगतो, एक बार बी उलटून विचारत न्हाई की तुम्हाला का ऐकू येत न्हाई. कुनाला बोलत न्हाई. असा दोस्त नसीबानं मिळतो, बोलायचे." त्यांनी पातेलं परत उचललं. "आन् मंग तुम्ही हॉटेलात, सगळ्यांसमोर."

"भाभी, मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "आईशप्पथ, मला काहीच माहीत नव्हतं."

 त्या परत पोत्यात भांडी भरायला लागल्या.

त्याच दिवशी मी जालन्याला जायला हवं होतं. नाही गेलो. हंगाम आहे, रजा मिळणार नाही, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांच्यासमोर उभं राहायची छाती नव्हती. सकाळ-संध्याकाळ कारखान्यात काटे तपासताना माझ्या डोक्यात एकच चालायचं. ते मला विचारत होते, आवाज कसाय. ते शिकवत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. हंगाम संपून उन्हाळा लागला तेव्हा कुठं मी गाडी काढली.

जुन्या जालन्यात लेकीचं घर होतं. ती उर्दू शाळेत शिकवायची. लहानपणापासून मला चाचा म्हणणारी. तिनं दार उघडलं, आत घेतलं. उस्ताद खाटेवर बसले होते. पाच-सहा महिन्यांत दाढी पूर्ण पांढरी झाली होती. मला बघून उठले, हात हातात घेतला. "ये मीटरवाले. बस."

मी बोलायला लागलो. त्यांना कळेना. ओठ बघून ओळखतात म्हणून मी तोंड समोर धरलं, पण माझे ओठ थरथरत होते आणि डोळे भरले होते. काय वाचणार? मी आवाज चढवला. आणखी चढवला. "उस्ताद, मला माहीत नव्हतं!" समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. उस्तादांनी दोन्ही हात खाली-खाली करत खूण केली, हळू, हळू. सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं, त्यांना सोडून.

त्यांना फक्त उर्दू वाचता यायची. मला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. लेक वही घेऊन आली. "सांगा चाचा, मी लिहिते."

म्हणजे जे त्यांना एकट्याला सांगायचं होतं ते आधी त्यांच्या लेकीला सांगायला लागलं. मी सांगितलं. तुमचे कान गेलेत हे मला कधीच कळलं नव्हतं. गाडीत तुम्ही विचारायचात तेव्हा मला वाटायचं, तुम्ही मला शिकवताय. हॉटेलात मी बोललो ती नुसती मस्करी होती, आपल्या जुन्या भांडणाची. हॉटेलातलं वाक्य सांगितलं तेव्हा तिचं पेन थांबलं. तिला ते कुणी सांगितलं नसावं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघून लिहिलं.

उस्तादांनी वही घेतली. उजवीकडून डावीकडं त्यांचे डोळे सरकत होते आणि मी त्या डोळ्यांकडं बघत होतो. तिनं नेमकं काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही. त्यांनी एकदा वाचलं. परत वरपासून वाचलं.

"म्हंजे तुला मालूमच नव्हतं?" त्यांनी विचारलं. आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यानं तो जरा मोठा आणि सपाट झाला होता.

मी मान हलवली. नाही.

"रोज सांगायचा, शिट्टी अशी, शिट्टी तशी. तवा बी न्हाई?"

"न्हाई उस्ताद."

त्यांनी वही मिटली आणि मांडीवर ठेवली. मला वाटलं होतं, खरं कळल्यावर त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. मित्रानं जाणूनबुजून घात केला नाही, चुकून झालं, एवढं तरी कळेल. पण त्यांचा चेहरा आणखीच पडला. मग माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. हॉटेलातल्या एका वाक्याची सफाई द्यायला गेलो आणि तो सव्वा महिना त्यांच्याकडून काढून घेतला. त्यांचं दुखणं ओळखून, पोटात ठेवून, रोज शेजारी बसून त्यांचे कान झालेला एक दोस्त त्यांना होता. रागाच्या महिन्यांतही तो कुठंतरी होता. आता कळलं की तो कधी नव्हताच.

"तू बोलला त्याचा गुस्सा आल्ता मला," ते म्हणाले. "पन मंग मी म्हनलो, चल, एक बार चुकला. महिनाभर तर सांभाळलं त्यानं." मग खिडकीकडं बघत बसले.

भाभींनी शेवया आणल्या. मी खाल्ल्या. निघताना मी खुणेनं विचारलं, गाडीत एक चक्कर मारायची का? त्यांनी मान हलवली. "जा आता. ऊन लई हाय, सांभाळून जा." दारापर्यंत मात्र आले.

घरी आल्यावर मी पितळी स्क्रू काढून टाकला आणि नळी सरळ जोडली. गाडी परत पहिल्यासारखी जड झाली. बायको म्हणाली, एवढी चांगली चालत होती, का काढलं? मी काहीतरी थाप मारली. दोन वर्षांनी गाडी विकून टाकली.

उस्ताद त्यानंतर सात-आठ वर्षं जगले. जावयाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं बसायचे. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो, ईदला तर न चुकता. लेकीनं त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. त्यासाठी औरंगाबादच्या डॉक्टरकडं मीच बसनं घेऊन गेलो होतो. चार दिवस लावलं आणि डबीत ठेवून दिलं. म्हणाले, समदा नुसता खडखडाट येतो, मानसाचा आवाजच न्हाई त्यात. आम्ही बसायचो. ते नातवंडांचं सांगायचे, मोसंबीच्या भावाचं विचारायचे, माझ्या गुडघ्याची चौकशी करायचे. लेक जवळ असली तर माझं लिहून दाखवायची. माझ्याशी ते शेवटपर्यंत चांगलं वागले. फक्त इंजिनाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी विषय काढला तर हसायचे आणि चहा मागवायचे. मीटरवालाही म्हणेनासे झाले होते. भाऊ म्हणायचे, कुणालाही म्हणावं तसं.

ते गेले तेव्हा लेकीचा फोन आला. मी पोचलो तेव्हा जनाजा निघत होता. थोडं अंतर मीही खांदा दिला. कब्रस्तानात माझ्याशेजारी एक अनोळखी म्हातारे गृहस्थ उभे होते. गर्दीत मी एकटाच डोक्याला हातरुमाल बांधून उभा, ते बघून त्यांनी हळूच विचारलं, "आप कौन उनके?"

दोस्त, असं म्हणणार होतो. ओठांवर आलंही होतं.

"गिऱ्हाईक," मी म्हटलं. "वडीगोद्रीचं. जुनं."

त्यांनी मान डोलवली, थोडे बाजूला सरकले आणि मला माती द्यायला जागा करून दिली.